स्वतःच्या परागाला नकार

शंकेखोर : आधी सूर्यफुलाचं काय झालं ते बोलू, मग तुमच्या मार्करकडं, म्हणजे जनुकाच्या डीएनएतल्या खुणेकडं, वळू. 1969 मध्ये रशियातून बी आलं, 1972 च्या सुमारास शेतकऱ्याच्या हाती पडलं. 1980 मध्ये बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं बीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित वाण काढला. पुढची पंचवीस वर्षं या पिकात कर्नाटकाचा शब्द चालत होता. 2005-06 च्या आसपास देशात वीस लाख हेक्टरच्या वर सूर्यफूल होतं, आज ते दोन-अडीच लाखांवर आलंय. औराद-भालकीकडं त्याची जागा सोयाबीननं घेतली, कलबुर्गीकडं तुरीनं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. 1997 ला कर्नाटकातच पहिल्यांदा दिसलेला नेक्रोसिस रोग, पाखरांचा त्रास, पोकळ बी, आणि बाहेरून येणारं स्वस्त तेल. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के केलं, आणि पुढच्या मे महिन्यात निम्म्यावर आणलं. शेतकऱ्यानं पेरणी कशाच्या भरवशावर ठरवायची? आणि अशात तुम्ही म्हणता की फूल स्वतःचा पराग का नाकारतं, तो जनुक शोधू. याला आमच्याकडं म्हणतात, दुखणं हल्याला आणि औषध पखालीला.

उत्साही : अण्णा, तुमच्या यादीत ‘पोकळ बी’ आहे. ते तुम्ही घाईत म्हणून गेलात, मी तिथंच थांबतो. कारण शुल्क दिल्लीत ठरतं, पण दाणा भरायचा की नाही हे तुमच्या शेतात, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान ठरतं.

सूर्यफुलाचं तबक जवळून पाहा. ते एक फूल नाही, हजाराच्या वर बारीक फुलांची दाटी आहे. काठाच्या पिवळ्या पाकळ्या फक्त दिखाव्याच्या, त्यांत बी धरत नाही. आतली फुलं काठाकडून मध्याकडं उमलत जातात, रोज एक ते चार ओळी. आठवडाभर हे चालतं. एका बारीक फुलात पहिल्या सकाळी परागकोशांची काळपट नळी वर येते. आतून दांडी वाढते आणि पराग वर ढकलते. दुसऱ्या दिवशी त्याच दांडीचं टोक दुभंगतं, दोन जिभा बाहेर वळतात, तीच कुक्षी. म्हणजे आधी नर, मग मादी. एखाद दिवसानं त्या जिभा इतक्या मागं वळतात, की खाली चिकटून राहिलेल्या स्वतःच्याच परागाला टेकतात. इथं खरा प्रश्न येतो. टेकलेला पराग आपलाच असेल, तर कुक्षी त्याला घेते का? जुन्या जातींत आणि रानटी सूर्यफुलात बहुतेकदा घेत नाही. कणाला कुक्षीची ओल मिळत नाही, नळी फुटत नाही. फुटलीच तर पृष्ठभागावर अडते. माशी फिरकली नाही तरी टरफल धरतंच, फक्त आत काही नसतं. मळणीनंतर उधळताना जे वाऱ्यानं उडून जातं, ते हेच.

शंकेखोर : उत्तम सांगितलंत. पण यातून तुमच्याच विरुद्ध दोन गोष्टी निघतात. एक, आजच्या संकरित सूर्यफुलात हा नकार पैदासकारांनी मार्करशिवाय, नुसत्या निवडीनं बराचसा मोडून काढलाय. झाडाला पिशवी बांधायची, बी मोजायचं, जास्त भरलेलं ठेवायचं. पन्नास वर्षं हेच केलं. दोन, आपला पराग चालतो म्हणून तो आपोआप पोहोचतो असं नाही. जिभा पुरेशा वळल्या नाहीत, पराग सुकला, वारा पडला, तर स्वतःचा पराग स्वीकारणारं फूलही रिकामंच राहतं. स्वीकार हा एका जनुकाचा गुण असेल; पोहोचणं हा फुलाच्या बांध्याचा आणि माशीचा. तुमचा मार्कर पहिल्याचं उत्तर देतो आणि भाषण करताना दोन्हीचं श्रेय घेतो.

आणि माशीचं काय झालं तेही बोला. रब्बीचं सूर्यफूल फुलतं तेव्हा शेजारची तूर फुलात असते. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठीक आहे. पण त्या तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी जे फवारे बसतात, ते आग्या मोहोळाच्या माशीला विचारून बसत नाहीत. हेक्टरी पाच मधपेट्या ठेवा, ही शिफारस छापील आहे. पेट्या कोण ठेवतो? हाताला मलमल गुंडाळून एक दिवसाआड तबकावरून फिरवा, हीही शिफारसच. मजुरी कोण देतं? माशी मारायची आणि मग माशीची गरज नसलेलं झाड शोधायचं, याला मी प्रगती म्हणत नाही.

उत्साही : पहिली गोष्ट अर्धी मान्य, दुसरी पूर्ण मान्य. स्वीकारणारं झाड आणि स्वतःहून फळणारं झाड यांत फरक आहे, आणि आमच्या अहवालांत तो पुष्कळदा पुसला जातो. पण सूर्यफुलात काम झालंय म्हणून विषय संपत नाही, कारण मी मुळात सूर्यफुलासाठी आलोच नाही. मी कारळ्यासाठी आलोय.

शंकेखोर : चटणीच्या कारळ्यासाठी?

उत्साही : त्याच. भाकरीबरोबर तुमच्या ताटात असतं ते. त्यात तेल 35 ते 40 टक्के असतं आणि देशाची सरासरी हेक्टरी तीन-चार क्विंटलच्या पुढं जात नाही. हलकी, मुरमाड जमीन, नाही तर ज्वारी-तुरीचा काठ, एवढीच त्याची जागा. जनावर तोंड लावत नाही म्हणून काठाला पेरायचं. सूर्यफुलाचंच कूळ, पण इथं नकार जवळजवळ पक्का. एका झाडावर पिशवी बांधा, आत बी मिळालं तर नशीब. त्यामुळं इतर पिकांत पैदासकार जे पहिलं पाऊल टाकतो, म्हणजे एक चांगलं झाड निवडून त्याचा शुद्ध वंश करायचा, तेच इथं टाकता येत नाही. चांगलं झाड निवडलं तरी त्याचं बी शेजाऱ्याच्या परागानं धरलेलं असतं. पुढच्या वर्षी निम्मा गुण हातातून जातो. म्हणून कारळ्यातले बहुतेक वाण समूहातून निवडलेले आहेत. इगतपुरीच्या केंद्राचं आयजीपी-76 घ्या, कर्नाटकातलं केबीएन-1 घ्या. वाईट नाहीत, पण करडईत जसं काम करता येतं, तसं इथं करता येत नाही.

करडईकडंच बघा ना. तीही याच कुळातली, तुमच्या बीदर-कलबुर्गी-सोलापूर पट्ट्याचं जुनं पीक. ती बहुतांशी स्वतःच्या परागावर फळते. अन्नीगेरी-1 लोकांनी वर्षानुवर्षं घरच्या बियाण्यावर टिकवली, ती कुणाच्या पिशवीवर अवलंबून राहिली नाही. कारळ्यातही स्वतःचा पराग घेणारी झाडं अधूनमधून असतात. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या मुलातू गेलेता आणि ब्रिंगेलसन यांनी इथिओपियाच्या कारळ्यात अशी झाडं शोधून त्यांचे वंश केले. 2010 मध्ये ते छापून आलं. असा वंश आपल्या वाणात आणायचा तर दर पिढीत कुठल्या रोपात तो गुण आलाय हे कळायला हवं. पिशवी बांधून कळेल, पण फुलावर आल्यावर. आणि फूल येऊन गेलं की त्या झाडाचा संकर करायची वेळही गेलेली असते. मार्कर असेल तर पंधरा-वीस दिवसांच्या रोपाच्या पानाचा एक तुकडा पुरे.

शंकेखोर : असेल तर. आहे का?

उत्साही : मोहरीच्या कुळात आहे, उत्तम आहे. तिथं नकार कुणाचा कुणाला, ते रेणूपर्यंत ठाऊक आहे. कुक्षीवरचा ग्राहक आणि परागाच्या आवरणातलं प्रथिन, कुलूप-किल्लीची जोडी सापडलेली आहे. एक गंमत सांगतो. आपली पिवळी सरसों स्वतःचा पराग घेते, तपकिरी लोटणी सरसों घेत नाही. ही पिवळी सरसों का घेते याचा माग काढताना जपानी संशोधकांना 2004 मध्ये या साखळीतला एक नवा जनुक सापडला. उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांनी कोण जाणे कधी निवडून ठेवलेलं वैगुण्य जगाच्या पाठ्यपुस्तकात गेलं.

सूर्यफुलाच्या कुळात मात्र तेच कुलूप चालत नाही. याच कुळातल्या सेनेसिओ या वनस्पतीवर काम करणाऱ्यांनी मोहरीची किल्ली लावून पाहिली, बसली नाही. 2005 मध्ये अमेरिकेत लागवडीचं आणि रानटी सूर्यफूल यांच्या संकरात नकाराचं स्थान गुणसूत्रांच्या नकाशातल्या सतराव्या गटावर बसवलं, म्हणजे गल्ली कळली, घर नाही. 2017 मध्ये सूर्यफुलाचा सगळा जीनोम आला, 3.6 अब्ज अक्षरांचा. कारळ्यात आपण अजून गल्लीच्या तोंडाशी आहोत.

शंकेखोर : मग तुमचा मार्कर घर ओळखत नाही, घराजवळचा खांब ओळखतो. एका संकरात खांब आणि घर बरोबर राहतील, दुसऱ्यात गुणसूत्र मध्येच तुटलं की खांब इकडं, घर तिकडं. अमेरिकेच्या एका संकरात चाललेली खूण आळंदच्या गावरान बियाण्यात चालेल, हे तुम्ही कशावरून सांगता? प्रत्येक नव्या संकरात तुम्हाला ती पुन्हा तपासावी लागेल, आणि तपासायला शेवटी पिशवीच बांधावी लागेल.

उत्साही : लागेल. तीन-चार पिढ्यांत एकदा, दर पिढीत नाही. वेळ तिथं वाचतो. आणि एक राहिलंच, कुणी विचारण्याआधी सांगून टाकतो: यात बाहेरचा जनुक घालणं नाही. हे जीएम नव्हे. जे झाडात आहे ते वाचायचं, एवढंच.

शंकेखोर : ते मला माहीत आहे, त्यावरून मी भांडणार नाही. माझं भांडण वाचून झाल्यावर काय करणार, याच्याशी आहे. हा नकार दोष आहे असं तुम्ही धरून चाललात. सूर्यफुलाच्या कुळात हा नकार कसा चालतो ते 1950 मध्ये कळलं, एकीकडं क्रेपिस या रानफुलावर आणि दुसरीकडं ग्वायुलेवर, म्हणजे आपल्या गाजर गवताच्या चुलत बहिणीवर. परागकण स्वतः कुठला जनुक वाहतो याला इथं महत्त्व नाही. तो ज्या झाडाचा, त्या झाडाची ओळख त्याच्या आवरणावर चढलेली असते. आपल्याकडं सगोत्राला नकार देतात तसंच. मुलगा कसा आहे हे नंतर, आधी गोत्र. कारळ्यानं हे लाखो वर्षं कशासाठी सांभाळलं? वंश दुबळा होऊ नये म्हणून. डार्विननं 1876 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं, स्वतःच्या परागानं वाढवलेली रोपं परक्या परागाच्या रोपांपुढं कशी मागं पडतात ते कुंड्यांत मोजून दाखवलं. तुम्ही ते कुंपण मोडायला निघालात आणि बक्षीस काय, तर शुद्ध वंश. शुद्ध वंश कुणाला हवा असतो? अन्नीगेरी-1 चं उदाहरण तुम्ही दिलंत, पण बाजार त्या दिशेला जात नाही. शुद्ध वंश दोन केले की संकरित वाण होतो, आणि मग बी दर वर्षी विकत. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा हक्क दिला. संकरित बियाण्यात तो हक्क कागदावर शाबूत राहतो आणि शेतात पीक उंच-ठेंगणं, पुढं-मागं होऊन निकामी ठरतो.

(इथं लिहिणाऱ्यानं मध्ये पडायला हवं. दोघं जणू फार मोठ्या पिकावर बोलताहेत. वार्षिक तेलबियांच्या सरकारी तक्त्यात नऊ पिकं असतात आणि कारळं तळाशी असतं. तरीही 2025-26 च्या खरिपात रुपयांत सर्वांत मोठी वाढ कारळ्याच्याच हमीभावाला मिळाली, क्विंटलला 820 रुपये. भाव 9,537 झाला, सूर्यफुलाच्या 7,721 पेक्षा बराच वर. ज्या पिकाचं फार थोडं बी बाजारात येतं त्याला भाव वाढवून देणं सोपं असतं, असा संशय शंकेखोरानं घेतला असता तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. त्यानं तो घेतला नाही.)

उत्साही : दिशा मार्कर ठरवत नाही, अण्णा. तीच खूण वापरून मी एक असा वाण करू शकतो की जो माशी कमी असली तरी भरेल आणि ज्याचं बी तुम्ही करडईसारखं घरी राखाल. तीच खूण वापरून दुसरा कुणी दोन वंश करून संकरित बी विकेल. ऑक्टोबर 2024 मध्ये तेलबियांसाठी 10,103 कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं, त्यात जीनोम संपादनाचाही उल्लेख आहे. पैसा येणार आहे. तो सार्वजनिक संस्थांनी या कामात लावला नाही तर दुसरं कोणी लावेल. पण तुमच्या कुंपणाबद्दल मला एक सांगायचंय. ते तुम्ही समजता तेवढं तुमच्या बाजूचं नाही.

एका शेतकऱ्याच्या काठाला कारळ्याच्या दोन ओळी आहेत. बी कशाचं? मागच्या वर्षी डब्यात राखून ठेवलेलं, चार-सहा झाडांचं. नकार चालतो तो सारख्या ओळखीच्या झाडांत. मोठ्या समूहात अशा ओळखींची रूपं पुष्कळ असतात, कुणाला ना कुणाला कुणी चालतंच. पण दर वर्षी चार-सहा झाडांचं बी धरत गेलं की रूपं कमी होत जातात. मग अशी वेळ येते की शेतात झाडं भरपूर, माशाही भरपूर, आणि तरी निम्मा पराग वाया जातो, कारण आलेला पराग नात्यातला निघतो. तुम्ही म्हणाल पाऊस कमी पडला, मी म्हणेन माशी कमी. खरं कारण तिसरंच असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

शंकेखोर : थांबा. हे तुम्ही आत्तापर्यंत का नाही सांगितलंत? स्वीकारणारं झाड शोधण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. औरादच्या, आळंदच्या, पलीकडं उदगीर-निलंग्याच्या गावरान कारळ्यात ओळखीची किती रूपं शिल्लक आहेत, ते मोजा. ज्या गावात कमी झाली तिथं दहा कोसांवरच्या गावाचं बी मिसळा. कुंपण मोडायचं कारण नाही, वाण काढायचं कारण नाही, कंपनीला यात काही विकता येत नाही. मार्करचा असा उपयोग असेल तर मी तुमच्या बाजूनं.

उत्साही : मलाही हे मोजायचंय. पण दोन अडचणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, कारळ्यात ओळखीचा जनुक हाती नाही, म्हणून आज मोजायचं तर एकच रस्ता: वीस झाडं घ्या, प्रत्येकाचा पराग प्रत्येकावर घाला, कुठं बी धरतं ते पाहा. सरळ-उलटे धरून तीनशे ऐंशी संकर होतात, आणि कारळ्याचं एक फुलकं तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात एक रूप दुसऱ्यावर कुक्षीत वरचढ आणि परागात दबलेलं, असंही असतं. मग हिशोब आणखी चुकतो. दुसरी अडचण तुम्हाला आवडणार नाही. तो जनुक शोधायला नकार देणारं आणि स्वीकारणारं, अशा दोन झाडांचा संकर लागतो. त्यांच्या संततीत कोण कुणासारखं निघालं, त्यावरून स्थान कळतं. म्हणजे तुम्हाला हवी ती मोजणी करायची तर आधी मला तो स्वतःचा पराग घेणारा वंश हाती घ्यावाच लागेल.

शंकेखोर : आणि एकदा हाती घेतला की तो प्रक्षेत्रावर राहणार नाही. कारळं माशीचं पीक आहे, पराग लांब जातो. जनुकशास्त्रज्ञ फिशरनं 1941 मध्येच दाखवलंय, की इतर सगळं सारखं असेल तर स्वतःला फळवणारा जनुक समूहात आपोआप पसरतो. साध्या झाडाच्या दोन प्रती पुढं जातात, एक त्याच्या बियांतून, एक दुसऱ्यावर पडलेल्या परागातून. स्वतःला फळवणाऱ्याच्या तीन. स्वतःच्या बियांत दोन्ही बाजूंनी तोच, आणि शिवाय शेजाऱ्याकडं गेलेला पराग. तुम्ही वाण दिला नाही तरी तुमच्या प्रयोगाच्या वाफ्यातून तो गावरान कारळ्यात शिरेल, आणि मग तुम्ही मोजाल तेव्हा मोजायची गोष्टच विरघळलेली असेल.

उत्साही : फिशरचा हिशोब बरोबर, पण तो ‘इतर सगळं सारखं’ या अटीवर उभा आहे. डार्विनच्या कुंड्या तुम्हीच पुढं केल्यात. स्वतःच्या परागाची संतती दुबळी निघाली तर तीन प्रतींचा फायदा तिथंच जिरतो. हा लगाम निसर्गात आहे.

शंकेखोर : काही पिढ्या. अगदी दुबळी झाडं मरून गेली की उरलेल्यांत तो दोषही उरत नाही, मग लगाम कुणाच्या हातात? पिवळ्या सरसोंचं तेच झालं ना? ती काही दुबळी होऊन संपली नाही, शेतात नांदतेय.

उत्साही : नांदतेय, आणि लोक तिचं तेल खाताहेत. याला तुम्ही हानी म्हणता की लाभ, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

शंकेखोर : मलाही नाही. तिच्या आधी तिथं काय होतं, ते कुणी मोजून ठेवलं असतं तर सांगता आलं असतं. म्हणून माझी मागणी क्रमाची आहे. आधी गावोगावचं बी गोळा करून थंड खोलीत ठेवा. मग तुमचा वंश जाळीत वाढवा, माश्याही जाळीतल्याच. त्यानंतर जनुक शोधा, मग मोजा. वाण सर्वांत शेवटी.

उत्साही : बी साठवता येईल, जाळीही बांधता येईल. मोजणीला पैसे मिळणं कठीण आहे, कारण प्रकल्पाच्या शेवटी विचारतात ते किती वाण दिलेत. किती रूपं वाचवलीत ते विचारणारा रकाना नसतो. पण समजा ती सोय झाली. तरी वाण कधीच काढणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. पावसाच्या झडीत माश्या बाहेर न पडलेल्या वर्षी माझ्या वाफ्यात दाणे भरलेले दिसले, तर बी मागायला पहिल्यांदा तुमच्याच गावची माणसं येतील.

शंकेखोर : येतील. कदाचित मीही येईन. पण मग माझ्या बांधावरचं जुनं कारळं त्या वाणापासून किती अंतरावर पेरायचं, ते मला कोण सांगणार? शेजाऱ्यानं कुठं पेरावं हे माझ्या हातात नाही, आणि माशी बांध पाहून थांबत नाही.